तळ्याकाठी भरलेली कॅसेट

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही.

नव्वदीच्या शेवटी आखातात, अल ऐनला आमचा मजुरांचा कॅम्प होता. एका खोलीत दहा जण. मी कराडकडचा, शटरिंगचा सुतार. माझ्या वरच्या बंकवर झोपायचा तो चिपळूणजवळच्या खेड्यातला. त्याचे वडील अंथरुणाला खिळले होते. त्यांना वाचता येत नव्हतं, आणि गावातल्या फोनपर्यंत चालवत नव्हतं. मी सुट्टीवर निघालो, तेव्हा त्यानं त्यांच्यासाठी कॅसेटमध्ये आवाज भरून माझ्याबरोबर द्यायचं ठरवलं. खोलीत एसीची घरघर, म्हणून शुक्रवारी आम्ही चौघं तळ्यावरच्या बागेत गेलो.

चहूकडे वाळू, उघडे डोंगर आणि मध्येच ते पाणी. पायडलच्या होड्या, झाडांखाली चटया टाकून बसलेली कुटुंबं. तो टेप घेऊन काठावर बसला, बटण दाबलं आणि गप्पच.

"अरे बोल की! सेल सासऱ्यानं दिल्यात काय?" मी ओरडलो.

"गप रे मेल्या, आबांना तुझाच आवाज जाईल." मग घसा खाकरून म्हणाला, "आबा, मी बरा आहे. इथं वाळूत तळं आहे. बदकं आहेत, खोटं नाही सांगत. औषध घेत जा. दिवाळीला येतो, इन्शाल्ला."

"आबांना काय कळणार इन्शाल्ला?"

"बरं, देवाच्या मर्जीनं," त्यानं टेपमध्ये दुरुस्ती केली. आम्ही हसलो.

खोलीचा एक नियम होता. सुट्टीवर गेलेल्यानं आधी दुसऱ्यांचं सामान पोचवायचं, मग आपल्या घरी पाय पसरायचे. सगळे पाळायचे. मी पाळला नाही. घाट उतरून चार तासांची एसटी. आज जाऊ, उद्या जाऊ करत अठरा दिवस गेले. मुलगी सोडत नाही, असं मी घरात म्हणायचो. खरं म्हणजे मलाच हलायचं नव्हतं.

एकोणिसाव्या दिवशी त्याच्या गावच्या स्टॉपवर उतरलो. टपरीवर घर विचारलं.

"म्हातारे परवाच गेले हो," टपरीवाला म्हणाला.

घरापर्यंत गेलोच नाही. पुढच्या एसटीनं परत फिरलो.

कॅम्पवर पोचलो तेव्हा त्याला फोनवरून कळलेलं होतं. शुक्रवारी तो मला तळ्यावर घेऊन गेला.

"भाऊ, कॅसेट ऐकली का आबांनी?"

"ऐकली. दोनदा."

"बदकांचं ऐकून हसले असतील."

"हसले."

दिवाळीला तो गावी जाऊन आला. मी त्याच्या घरी गेलोच नव्हतो, हे त्याला तिथं कळलं असणारच. पूर्वीसारखाच तो मला चहा द्यायचा. पण तळ्यावर चल, असं परत कधी म्हणाला नाही. मीही तोंड उघडलं नाही. पुढं माझी साईट बदलली.

कॅसेट माझ्याकडेच आहे, ती त्याला द्यायची आहे. आणि माझ्या आळसापायी आबा त्याचा आवाज न ऐकताच गेले, हे त्याच्यासमोर बसून सांगायचं आहे. एवढं मी त्याचं देणं लागतो.