पाड्यावर पोहोचलेली खुर्ची

खोडाळ्याजवळच्या एका पाड्यावर आम्ही तीन दिवस राहायला गेलो होतो: मी आणि वर्तमानपत्रातली एक जुनी सहकारी. अट माझी होती आणि माझ्या सदरात जाहीरही झाली होती. लोक राहतात तसे राहायचे. खुर्ची नाही, टेबल नाही, सगळे जमिनीवर.

गाडीच्या डिकीत, चादरीत गुंडाळलेली, माझी कमोड खुर्ची होती. पत्र्याची, घडीची, आसनाला मधोमध भोक. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर मला उकिडवे बसता येत नाही आणि पाड्यावरचे शौचालय देशी पद्धतीचे. सहकारिणीला याची कल्पना नव्हती. वाचकांना तर नव्हतीच.

दुपारी अंगणात बैठक भरली. आमचे यजमान तिथलेच, शाळेत शिक्षक. सामान उतरवताना त्यांच्या हाती खुर्ची लागली. घरात नवी वस्तू आली की आधी म्हातारीला, हा तिथला रिवाज. त्यांनी खुर्ची उघडली, पुसली आणि आईला बसवले. मी तेव्हा समतेवर, सगळ्यांनी भुईवर बसण्यावर बोलत होतो.

"आये, कशी हाय?" कोणीतरी विचारले.

"बरी हाय. खालून वारा लागतो."

सहकारिणीने आधी भोकाकडे पाहिले, मग माझ्याकडे. "ही तू आणलीस?"

"आजींना भेट," मी म्हणालो. टाळ्या पडल्या.

संध्याकाळपर्यंत आजींनी भोकात टोपली बसवली होती. टोपली अगदी नेमकी बसली. खुर्चीसमोर जमिनीवर पाय पसरून त्या नागली, म्हणजे नाचणी, निवडू लागल्या.

सकाळी सहा वाजता मी त्यांच्यासमोर उभा राहिलो.

"आजी, खुर्ची जरा मिळेल का? दहा मिनिटं."

"कशाला?"

"बसायला."

"मंग भुईवर बस की, पोरा. काल तूच सांगत व्हतास."

मी साठीचा आहे. टोपलीत नागली काठोकाठ भरली होती. मी पुन्हा मागितली नाही.

सहकारी गाडीची किल्ली घेऊन आली. "जव्हारला हॉटेल आहे. तिथवर जमेल?"

"वळणं हळू घे," मी म्हणालो.

नंतरच्या सदरात मी 'तीन दिवसांचा मुक्काम' असे लिहिले होते. नोकरीत असताना इतरांच्या चुकांच्या दुरुस्त्या मीच छापायचो, म्हणून ही इथे नोंदवतो: मुक्काम एकोणीस तासांचा होता. खुर्ची अजून तिथेच आहे.