काळजात गोळ्या

आमचे आप्पा गणिताचे मास्तर होते आणि मारकुटे होते. लातुरात या दोन्ही गोष्टी कौतुकाने सांगितल्या जायच्या. भूकंपात आमचं गाव गेलं, तेव्हा माळवदाच्या मातीखालून त्यांनीच मला पहारीने उकरून काढलं. हात तेवढा वर दिसत होता, तो धरून त्यांनी असा हिसडा दिला की माझा खांदा निखळला. पण मी जगले. हा उपकार ते जन्मभर ऐकवत राहिले. पट्टी चालवताना म्हणायचे, "मी उकरून काढलीय तुला. पुरूबी शकतो."

गाव गेल्यावर आम्ही लातुरात आलो आणि आप्पांनी पत्र्याच्या शेडात शिकवणी काढली. ते दिवसच शिकवण्यांचे होते. जळकोटपासून देगलूरपर्यंतची पोरं डॉक्टर-इंजिनिअर व्हायला लातुरात येऊन राहायची. बाप लोक पोरगं आणून उभं करायचे आणि म्हणायचे, "गुरुजी, चामडं तुमचं, हाडं आमची." आमच्या घरात मात्र हाडंसुद्धा आप्पांचीच होती. एकदा वरणात मीठ कमी पडलं म्हणून त्यांनी मायच्या तोंडावर तांब्या हाणला. पुढचा दात गेला. माय पदराने रक्त टिपत पोळ्या लाटत राहिली, आणि मी शेजारी बसून त्यांनीच दिलेली गणितं सोडवत होते, कारण उठले असते तर दुसरा तांब्या मला होता. त्यांचा जीव घ्यावा असं मला तेव्हा वाटायचं. वाटायचं काय, अजून आठवलं की वाटतं.

त्याच मारातून मी डॉक्टर झाले, हेही खरं. नांदेडच्या एका हॉस्पिटलात रक्तवाहिनीतून नळी घालून गाठींवर उपचार करायचं काम मी करते. आणि आप्पांच्या लिव्हरमध्ये गाठ निघाली. कापून काढण्यासारखी नव्हती. किरणोत्सर्गी काचेचे कण, खसखशीहून कितीतरी बारीक, थेट गाठीच्या रक्तवाहिनीत सोडायचे आणि गाठ आतून जाळायची, एवढा एकच रस्ता उरला होता.

आप्पा अंथरुणाला खिळले, तशी माय मोकळी झाली. ती त्यांच्या आधी जेवायला लागली. टीव्ही मोठ्याने लावायला लागली. एकदा मी अचानक लातूरला गेले तर शेजारणीबरोबर ओसरीत बसून खदखदा हसत होती. पडका दात झाकायला तोंडावर पदर धरायची सवय होती तिला, तोही धरला नव्हता. मला बघून गप्प झाली आणि म्हणाली, "बरे होतील का गं?" मी म्हटलं, "व्हायलाच पाहिजेत." ती उठून आत गेली.

या उपचारात औषधापेक्षा ते पोचवणं अवघड आहे. काच जड. नळीला वळसा पडला की कण तिथंच बसतात आणि गाठीला निम्माच डोस मिळतो. बसू नयेत म्हणून जोरात रेटा दिला, तर ते मागे फिरतात, जठराच्या वाहिनीत घुसतात आणि धडधाकट जठराला भोक पाडतात. आधीच्या एका बाईंच्या वेळी काम संपल्यावर नळीवर किरण मोजायचं मीटर धरलं, तर त्याची टिकटिक थांबायलाच तयार नाही. औषध सगळं नळीतच. त्या बाई वाचल्या नाहीत. मी तेव्हापासून झपाटले. बिनकिरणांचे कण आणून रिकाम्या खोलीत सराव करत राहिले. नळी आखूड केली, वळसा काढून टाकला, बाटलीला टिचक्या मारत कण तरंगते ठेवले. दाब कसा, तर पोराला चमच्याने दूध पाजावं तसा, सलग आणि न रेटता. माझा हात जात्याच जड, आप्पांवर गेलेला. तो हलका करायला मला फार जड गेलं.

उपचाराच्या सकाळी डोस देगलूरच्या रस्त्याने हैदराबादहून आला. हा माल ठेवून चालत नाही, तासागणिक त्याची ताकद उतरते. आप्पांना तयार करायला गेलेली सिस्टर देगलूरकडची. तिच्याकडे काळीज म्हणजे मटणातलं काळीज, म्हणजे लिव्हरच. ती बिचारी धीर द्यायला म्हणाली, "आप्पा, भ्यायचं न्हाई. मॅडम आज तुमच्या काळजात गोळ्या घालणार हाईत."

पुढचं मी धावत जाऊन पाहिलं. आप्पांनी सलाईनचा लोखंडी स्टँड उचलून सिस्टरच्या तोंडावर घातला होता, तिचा चष्मा फुटून भुवईतून रक्त वाहत होतं. हातातली सुई त्यांनी उपसून काढलेली, चादरभर रक्ताच्या चिळकांड्या. मला बघून स्टँड माझ्यावर उगारला आणि म्हणाले, "मला ठाऊकच होतं. एक दिवस तू सूड घेणार. घाल गोळ्या, घाल." म्हणजे या माणसाला सगळं ठाऊक होतं. कुणाला किती मारलं, त्याचा हिशोब त्यांच्या डोक्यात चोख होता. मला इतका संताप आला की मी स्टँड हिसकून भिंतीवर आपटला, त्यांच्या सदऱ्याची गचांडी धरली आणि त्यांना कॉटवर दाबून बसवलं. म्हटलं, "आप्पा, तुम्हाला मारायचं असतं तर मला काहीच करायला लागलं नसतं. नुसती गप्प बसले असते तरी झालं असतं." माय दारात उभी होती. ती आतही आली नाही आणि बाहेरही गेली नाही.

त्यांना पटलं की दमले, देव जाणे, पण ते टेबलावर गेले. घरच्या माणसाला हात लावू नये म्हणून नळी आमच्या वरिष्ठ डॉक्टरांनी घातली. डोस सोडायला मात्र ते म्हणाले, "ताई, तुमच्याइतका हात बसलेला दुसरा कुणी नाही." मी टिचक्या मारत, पडद्यावर नजर ठेवून सोडत गेले. आप्पा जागे होते आणि दात चावून मला शिव्या देत होते. एका क्षणी वाटलं, द्यावा एक रेटा. अंगठा तिथंच होता. मी रेटा दिला नाही. काम संपल्यावर नळीवर मीटर धरलं, ते जवळजवळ गप्प होतं. सगळं औषध गाठीत पोचलं होतं, आणि मला इतका आनंद झाला की शिशाचा झगा न काढताच मी रडायला बसले.

काही महिन्यांनी तपासणी केली, तर गाठ मेलेली. रिपोर्ट घेऊन मी स्वतः लातूरला गेले. आप्पांचं तोंड भरलं होतं, भूक लागायला लागली होती. जेवायला बसलो, माय वाढत होती. भाकरी जरा करपली होती. मी हात धुवायला उठले तेवढ्यात मागे ताट आदळल्याचा आवाज आला. वळून बघते तर माय भिंतीला टेकून खाली बसलेली, कपाळाला खोक, आणि आप्पा दुसरी भाकरी मागत होते.

मी त्यांना काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. मग मायला आत नेऊन टाके घातले. शेवटची गाठ मारत होते तेव्हा तिने विचारलं, "ते पोटातलं पुन्हा वाढलं, तर पुन्हा औषध सोडशील?"

मला खोटं बोलता आलं असतं. मी म्हटलं, "हाव, माय. सोडीन."

तिने मान हलवली. "मग माझी पिशवी भर," म्हणाली. "मी नांदेडला येते."