कळमनुरीला आणलेला समुद्र

कळमनुरीला समुद्र नाही. ही उणीव मी भरून काढावी, असं मला कुणीही सांगितलं नव्हतं.

दोन हजार पाचच्या आसपासची गोष्ट. मी ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवत होतो. एका प्रशिक्षणासाठी मुंबईला गेलो, तिथं दाढ दुखायला लागली आणि दातांच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसलो. समोर खाऱ्या पाण्याची काचपेटी होती. आत प्रवाळ डुलत होते आणि नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे दोन मासे त्यांच्यातून हिंडत होते. दाढ कधी निघाली ते मला कळलंच नाही. (भलतीच निघाली, हे गावी आल्यावर कळलं.)

येताना मी समुद्री मिठाच्या पिशव्या, एक पंप आणि ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक दगड घेऊन आलो. पाण्यातलं मीठ मोजायची काचेची नळी एसटीत फुटली. पण मी विज्ञानाचा माणूस. माझा अंदाजावर पूर्ण विश्वास होता.

दगडाबद्दल सांगायला हवं. तो समुद्रातला. त्याच्या भोकाभोकांत इतके बारीक जीव राहतात की दुकानदार त्याला जिवंत दगडच म्हणतात. महिनाभर पेटीत नुसता हा दगड ठेवायचा, त्याच्यातले जीव पाणी माशांना राहण्याजोगं करतात, मग मासे आणायचे. हे सगळं मी बाबांना नीट समजावून सांगायला हवं होतं. मी जेवताना एवढंच म्हणालो, "बाबा, तो दगड जिवंत आहे."

बाबांचा घास हातातच राहिला. बाबा म्हणजे प्राथमिक शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. बुद्धजयंती असो की लग्नाची पंगत, चार माणसं दिसली की ते सांगायचे, दगडात जीव नसतो. शेंदूर फासला तरी नसतो. आणि आता त्यांच्याच घरात, त्यांच्याच एमेस्सी झालेल्या पोरानं असा दगड आणून ठेवला होता, तोही बसभाडं देऊन.

"जीव है म्हणतो?"

"व्हय."

"बरं. पाहू."

दुसऱ्या दिवशी ते वही घेऊन पेटीसमोर खुर्ची टाकून बसले. वहीत नोंदी होत्या : 'सकाळी दहा. दगड स्वस्थ. साडेदहा. दगड स्वस्थ. अकरा. चहा. दगड स्वस्थ.' चौथ्या दिवशी दुपारी ते स्वयंपाकघराच्या दाराशी आले आणि माझ्या बायकोला, रेखाला, हळूच म्हणाले, "सूनबाई, त्यानं हात बाहेर काढला."

हात नव्हता. केसाळ किडा होता. पण तेव्हा शेजारच्या कांताबाई विरजण मागायला आलेल्या होत्या. त्या विरजण न घेताच गेल्या आणि पाच मिनिटांत हळदीकुंकवाचं ताट घेऊन परत आल्या. बाबा दारात आडवे उभे राहिले.

"कांताबाई, हे काय आणलं?"

"गुरुजी, तुमीच तर म्हणले जित्ता है म्हणून."

"जित्ता है. पण देव न्हाई."

"मग काय है?"

बाबांनी बराच विचार केला. "जनावर समजा."

"खातं काय?"

"काही न्हाई."

"बोंबलतं?"

"न्हाई."

"खात न्हाई, बोंबलत न्हाई, काही मागत न्हाई. असं जनावर मी तरी पाहिलं न्हाई, गुरुजी. दोन म्हशी हैत माझ्याकडं."

शेवटी ताट बाहेर ओट्यावर ठेवायचं आणि कांताबाईंनी रोज येऊन दगड नुसता पाहायचा, असा तह झाला.

महिन्यानं मुंबईहून दोन मासे आले. त्यांच्याबरोबर उन्हाळा आला आणि उन्हाळ्याबरोबर लोडशेडिंग. लाईट गेली की पंप बंद. पंप बंद की पाणी साचून राहायचं आणि मासे वर येऊन तोंडं उघडायचे. बाबांनी भिंतीवर पाळ्यांचं वेळापत्रक लावलं. रेखा पळीनं पाणी ढवळायची. मी सायकलच्या पंपानं हवा भरायचो. एक दिवस कांताबाईंनी हे पाहिलं आणि घरी जाऊन रवी घेऊन आल्या.

"सरका, सर. ताक घुसळणाऱ्याचं काम है हे."

पाण्याला असा फेस आला की लोणी निघतं की काय असं वाटलं. मासे मात्र खूश होते.

उन्हानं पेटीतलं पाणी रोज चार बोटं उतरायचं. मी रोज नव्यानं खारं पाणी बनवून ते वर टाकायचो. समुद्राचं पाणी खारं असतं, तेव्हा भर घालायची ती खाऱ्याचीच, हा माझा हिशोब. महिनाभरात उडणाऱ्या तुषारांनी टीव्हीवर मिठाची पांढरी पापुद्री चढली, भिंतीवर चढली, बाबांच्या चष्म्यावरही चढली. "समुद्रकिनारी आल्यासारखं वाटतं ना?" मी रेखाला विचारलं. तिनं टीव्ही पुसायचं फडकं माझ्या हातात दिलं.

मग एका रविवारी सकाळी एक मासा तळाशी आडवा पडला. मी पुस्तक काढून एकेका रोगाची लक्षणं वाचायला लागलो. बुरशीपर्यंत आलो, तोवर कांताबाईंनी पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं.

"सर, कैऱ्या कधी टाकायच्या ह्याच्यात?"

"काहून?"

"लोणच्याचा खार झाला हा."

बाबांनी चष्मा पुसला. "मिलिंद, रोज वरून काय टाकून राहिला तू?"

"खारं पाणी."

"पाणी उडून जातं. मीठ कुठं जातं?"

मी पुस्तक मिटलं आणि सायकल काढली. बिनमिठाचं शुद्ध पाणी बॅटरीच्या दुकानात मिळतं, एवढं मला माहीत होतं. मी एकदम चार कॅन मागितले. दुकानदारानं विचारलं, "कोणती गाडी है?"

"गाडी न्हाई. मासे हैत."

त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. "किती व्होल्टचे?"

दुपारभर आम्ही चौघं पेटीभोवती बसलो. एक पेला खारट पाणी काढायचं, एक पेला साधं टाकायचं; एकदम बदललं तर मासा दगावेल, ही भीती. बाबा आपला पेला कुणाला देत नव्हते. चार वाजता मासा थोडा कलता झाला. पाचला सरळ झाला. साडेपाचला तो दुसऱ्याच्या मागं हिंडायला लागला, तेव्हा कांताबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि पदराला लागलेलं खारं पाणी झोंबलं म्हणून पुन्हा पुसले.

बाबा उठले. "पाचवीला तुला विज्ञान कोण शिकवत होतं रे?"

"तुमीच."

त्यांनी पेला खाली ठेवला. "कांताबाई, चूक माझी है. ह्याला तवाच नापास करायला पाहिजे होतं. मुख्याध्यापकाचं पोरगं म्हणून लाजेखातर वर ढकललं."

"अजून काही बिघडलं न्हाई, गुरुजी," कांताबाई म्हणाल्या. "सुट्ट्याच हैत त्याला."

त्या सुट्टीत मी बाबांकडे पाचवीचं विज्ञान पहिल्या धड्यापासून पुन्हा शिकलो. काठावर पास झालो.