पाय लागला म्हणून

मी दोन वर्षं शाळंत गेलो, त्यातलं दीड वर्ष शाळंमागच्या चिंचंखाली झोपून काढलं. तरीबी एक साल मी प्रो व्हतो. गोल्फचा. नव्वदच्या पुढची गोष्ट. आमच्या गावात, लासुर्ण्यात, कुणाला सांगितलं की ते आधी माज्या पायातल्या चपला बघायचं.

चुलता पुण्यातल्या गोल्फच्या मैदानावर गवत कापायचा. त्यानं मला साहेब लोकांच्या पिशव्या उचलाय लावलं. साहेब जेवाय गेलं की आमी मारून बघायचो. आमच्यात पिढ्यानपिढ्या मेंढरं राखलेली, काठीनं दगड हाणायची सवय हाडात. चेंडू बरा जायचा. पुढं खेळाचीच परीक्षा दिली, चुकून पास झालो, आन् नव्या प्रोंच्या बारक्या स्पर्धांचं कार्ड मिळालं. नियम असा, की सालभर गावोगावी खेळायचं, आन् सालाच्या यादीत पयल्या साठात आलं तरच कार्ड टिकणार. न्हायतर घरी.

आबांनी, म्हंजी माज्या बापानं, उसातली एक पट्टी माज्यासाठी मोकळी ठेवली. मेंढरं कवाच गेलेली, उरलेल्या दोन शेरडांनी तितलं गवत खाऊन खाऊन बारीक केलं. टोकाला मी भोक खणलं. भाऊबंद म्हणायचं, आबा, पोरगं उंदराच्या बिळात गोट्या घालतंय आन् तुमी त्याला कालव्याचं पाणी पाजताय. आबा एवढंच म्हणायचे, एक साल बघू.

ते साल मी रेल्वेत उभं राहून काढलं. एका साहेबानं दिलेलं बूट दोन नंबर मोठं, पुढं चिंध्या कोंबायचो. दर स्पर्धेत दोन दिवस झालं की खालच्या निम्म्या लोकांना गाळायचं. त्या गाळात माजी जागा ठरलेली. दोन ठिकाणीच बरा खेळलो, त्याच्यावर शेवटच्या स्पर्धेपातूर साठाच्या आसपास लोंबकळत राह्यलो.

शेवटच्या दिवशी चेंडू झाडाखाली गेला. फांदीखालनं वाकून बघताना बुटाचं चिंध्या कोंबलेलं टोक चेंडूला लागलं. चेंडू हालला न्हाय. पण मी खाली हात नेला, चेंडूला लावला आन् कपाळाला लावला. भाकरीला, पुस्तकाला, कशालाबी पाय लागला की हेच, लहानपणापासनं. पुस्तकाला तर मी पायाशिवाय दुसरं काय लावलेलंच न्हाय.

संगं खेळणाऱ्यानं पंचाला बोलावलं. त्याचं काय चुकलं न्हाय, त्याचंबी कार्ड टांगलेलंच व्हतं.

पंच मराठी निघाला. "चेंडूला हात लावलास?"

"लावला. पाय लागला व्हता."

"पाय चुकून लागला, चेंडू हलला नाही, त्याला माफी आहे. हात तू मुद्दाम लावलास. एक फटका वाढला."

गोल्फात फटकं वाढलं की माणूस खाली. मी म्हणलं, साहेब, पायाला माफी आन् हाताला शिक्षा, आमच्याकडं उलटं असतंय. त्याला हसू आलं. फटका काय त्यानं कमी केला न्हाय.

सांजच्याला यादी लागली. आकडं आन् माजं नाव, तेवढं मला वाचाय येतं. साठाच्या खाली रेघ, आन् रेघंखाली पयला मीच. पयला नंबर आला तो असा. तो एक फटका नसता तर वर असतो.

घरी आबा गव्हाणीपाशी बसलेले. मी सगळं नकला करून सांगितलं. पंचाची नक्कल तर झकास जमली. आबा हसले न्हाईत.

"चेंडूला पाय लागला व्हता?"

"व्हय."

"मग नमस्कार केलास ते बरुबर केलंस."

त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला फावडं दिलं. पट्टी तुडवून तुडवून कडक झालती, नांगर शिरंना, म्हणून आधी पाणी सोडलं. पाणी माज्या भोकापाशी आलं, गोल फिरलं आन् आत शिरलं. भोक भरंना. आबा बांधावरनं म्हणाले, "ते बुजव आधी. पाणी वाया चाललंय."

मी पायानंच चिखल लोटला. नमस्कार करायचं राहूनच गेलं.