जिताड्याच्या पिल्लांचा खुराक

काकांनी समुद्रकाठाहून जिताडा माशाची पिल्लं आणून शेततळ्यात सोडली आणि म्हशीसारखी सरकीची ढेप चारू लागले. पिल्लं ढेपेला शिवेनात. एकमेकांनाच गिळू लागली.

मी म्हटलं, "काका, हे वाघाचे बच्चे हायेत. यायले सुक्या मासळीचा कुटा अन् मासळीचं तेल पाह्यजे. प्रथिनं, चरबी भरपूर लागते."

"मंग तूच चार."

तेव्हापासून मी तळ्यावर अडकलोय. एक वेळ चुकली की पिल्लं पुन्हा भाऊबंद खातात.

परवा धनजला मुलगी पाहायला निघालो. माझ्या अंगाला येणाऱ्या कुट्याच्या वासानं जीपवाला म्हणाला, "टपावर बस." मी चढलो, तर टपावरच्या बकऱ्या खाली उतरल्या. मग मलाच उतरवलं.

तळ्यावर परतलो. वास ओळखून पिल्लं काठाशी धावली. मला पाहायला आलेलं एवढंच स्थळ.