मुलाणीबाईंची फणी

मुलाणीबाई आमची हजेरी डोक्यावरून घेत. प्रार्थनेच्या आधी त्या शाळेच्या वरच्या पायरीवर बसत. मांडीवर फणी, शेजारी खोबरेल तेलाची बाटली. आम्ही पोरी एकेक करून खालच्या पायरीवर पाठमोऱ्या बसायचो. केसांत बोटं गेली की बाईंना सगळं कळायचं. "काय गं, काल झोपली न्हाईस?" हा प्रश्न त्या विचारायच्या आणि तो कधी चुकायचा नाही. वर्गात त्या पुस्तकासारखं शुद्ध बोलत, पायरीवर मात्र आमच्या कोरेगावकडचं. कुणाच्या डोक्यात उवा निघाल्या तर चार पोरींत तिची शोभा करायच्या नाहीत. "लय हुशार हाईत गं तुझ्या उवा, पाढे म्हणायला लाव त्यांनाच," असं म्हणत गुपचूप टिपत राहायच्या. हेडमास्तर एकदा कुरकुरले, "बाई, ही शाळा आहे, ब्युटी पार्लर नाही." बाई हसून म्हणाल्या, "सर, डोक्यात हात घातल्याशिवाय डोक्यात काय शिरत न्हाई."

मी चौथीत असताना आई तापाने गेली. वडील पलटणीत होते, रजा संपली तसे परत गेले. घरात आजी आणि मी उरलो. मी आजीला केसांना हात लावू देईना. ओरडायचे, चावायचे, पळून जायचे. बाईंच्या पायरीवर बसणंही सोडलं. त्यांनी ओढलं नाही. सगळ्या पोरी उठल्या तरी फणी हातात धरून थोडा वेळ तशाच बसायच्या, इतकंच. दोन-तीन महिन्यांत माझ्या उजव्या कानामागे केसांचा घट्ट गोळा झाला.

शेजारच्या सखूआत्याने तो पाहिला आणि दोन्ही हात जोडले. "आगं बया, देवीनं जट धाडली! आता फणी लावायची न्हाई. पोर देवीची झाली." जट आलेल्या पोरीचं काय होतं, ते मला त्या वयातही ठाऊक होतं. लग्न नाही, शाळा नाही, हातात परडी घेऊन दारोदार जोगवा मागायचा. आजीने डोळे पुसत त्या गोळ्याला हळदकुंकू लावलं. वर्गातल्या पोरी माझ्या पाया पडू लागल्या. मेल्या, कालपर्यंत सागरगोट्यांवरून माझ्या झिंज्या उपटत होत्या! मग आजीने शाळा बंद म्हणून सांगितलं आणि मी घरी बसले.

त्याच संध्याकाळी बाई दारात आल्या. चप्पल काढून थेट चुलीपाशी बसल्या.

"आजी, देवीला हिचीच गरज हाय व्हय? तिला काय लेकरांची कमी हाय?"

"बाई, तुमी मुसलमान. तुमाला न्हाई कळायचं ह्यातलं. कोप झाला तर पोरीवर यील."

"माझ्यावर यू दे की. मी सोडवते माझ्या हातानं. देवीनं इचारलं तर सांगा, मुलाणीबाईनं केलं, तिला धर."

आजीने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग म्हणाली, "आन् तुमाला काय झालं म्हंजी?"

"झालं तर ही हाय की मला बघायला," बाई म्हणाल्या आणि त्यांनी मला पहिल्यांदा जवळ ओढलं.

दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटली की आजी मला पायरीवर धाडू लागली. सखूआत्या टोमणा मारायची, एवढं हाय तर कात्रीनं उडवा की. बाई म्हणायच्या, "कापलं तर आजीच्या मनात राहील, देवीचं कापलं. सोडवलं की दिसंल तिला, आत नुसते केसच हाईत." त्या तेल जिरवायच्या आणि एकेक केस बोटांनी सुटा करायच्या. एकदा त्यांनी सहज विचारलं, "कुणी घातली हुती गं ही वेणी?" आई गेल्यापासून मी रडले नव्हते. "आईनं," एवढंच म्हणाले आणि हुंदका फुटला. बाईंनी उगी म्हटलं नाही. "रड बाई," त्या म्हणाल्या, "तेल मी लावते, पाणी तू लाव."

गोळ्याच्या पार आतून लाल रिबिनीचा तुकडा निघाला, आईने बांधलेला. बाईंनी तो घरी येऊन आजीच्या हातावर ठेवला. आजीने तो डोळ्यांना लावला आणि बाईंच्या खांद्यावर डोकं टेकून भुईला बसली. सोमवारी मी दोन वेण्या घालून शाळेत गेले.

पुढे माझं शिक्षण, नोकरी, संसार, सगळं सांगलीला झालं. चांगले मास्तर मला खूप भेटले. माझे मार्क त्यांना तोंडपाठ असायचे. झोप झाली का, हे मात्र कुणी विचारलं नाही. बाई मागच्या वर्षी गेल्या. तेव्हापासून सकाळी आरशापुढे केस विंचरताना हात उजव्या कानामागे अडतो आणि इतकी आठवण येते की फणी खाली ठेवावी लागते.

त्या जाण्याआधी मी एकदा कोरेगावला त्यांच्या घरी गेले होते. आजीचा दहावा नुकताच झाला होता. भेटेल तो म्हणत होता, म्हातारीचं सोनं झालं, आणि मीही मान हलवत होते. बाईंच्या सुनेने दारातच सांगितलं, "अम्मी आता कुणालाच वळखत न्हाईत. वाईट वाटून घेऊ नका." खरंच बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि नजर खिडकीकडे वळवली. मी नाव सांगितलं, आजीचं नाव सांगितलं. त्या खिडकीबाहेरच बघत राहिल्या. मग मी त्यांच्या खाटेला पाठ लावून खाली बसले, सवयीने.

थोड्या वेळाने डोक्यावर हात आला. बोटांनी चाचपत माझा चाप काढला. बोटं केसांतून फिरत फिरत उजव्या कानामागे गेली आणि तिथेच थांबली.

"काय गं," मागून बाईंचा आवाज आला, "काल झोपली न्हाईस?"

"न्हाई बाई," मी म्हणाले, "आजी गेली."

बाईंनी सुनेला हाक मारली आणि तेलाची बाटली मागितली.