तोंडानं माग, माय

नाना मागितल्याशिवाय कुणाला काही देत नसत. सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यावर ते पाणी सोडणारे पाटकरी होते. शेताला पाणी हवं तर मागणीचा अर्ज करायचा, हा सरकारी नियम. पण नानांना अर्ज पुरत नसे. समोर येऊन तोंडानं मागावं लागे. एकदा त्यांच्या मेव्हण्यांचा हरभरा वाळत होता आणि मेव्हणे पारावर फुगून बसले होते. नाना तिथं जाऊन म्हणाले, “काहून कुढून राहिले दाजी? तोंडाला कुलूप हाय का?” दाजी मुकाट्यानं कालव्यावर आले, ‘पाणी सोडा’ म्हणाले, तेव्हा नानांनी कालव्याचं दार उघडलं.

मी त्यांची एकुलती नात, आणि मला मागताच येत नसे. सुट्टीत त्यांच्या गावी, शिरड शहापूरला गेले की नाना रोज सकाळी विचारत, “काय पाहिजे माय?”

“काही नाही.”

माझं मराठी अडखळायचं, म्हणून मी तेवढंच बोलायचे. ते हसत. “इंग्रजी शाळेत मागाया शिकवत न्हाईत व्हय? एक डाव तोंडानं माग, माय. न्हाई म्हणलो तर सांग.”

आजी गेल्यावर ते एकटे राहिले. पुण्याला आमच्याकडे आठवडाभरही टिकत नसत. गावी दोनदा गॅस उघडा राहिला. एकदा पाटात घसरून पडले ते दुपारभर तिथंच. बाबांनी तीनदा वृद्धाश्रमाचा विषय काढला, तिन्हीदा नाना जेवणावरून उठून गेले. मग बाबांनी मला पाठवलं. “तुला नाही म्हणणार नाहीत.”

नाना ओसरीवर शेंगा फोडत होते. “काय पाहिजे माय?”

मी खाली बघत म्हटलं, “नाना, तुम्ही नांदेडच्या वृद्धाश्रमात राहायला जा.”

हातातली शेंग तशीच राहिली. “तू मागून राहिलीस, का तुझा बाप?”

खरं सांगता आलं असतं.

“मी.”

“मग जातो,” ते म्हणाले, आणि फोडलेले दाणे माझ्या ओंजळीत ओतले.

आता मी महिन्यातून एकदा जाते. खोली स्वच्छ असते, जेवण वेळेवर येतं. नाना पाण्याविषयी बोलत नाहीत, गावाविषयीही नाही. निघताना मी विचारते, “नाना, काही पाहिजे का?”

“काही न्हाई, माय.”

मी दारात थोडा वेळ थांबते. ‘घरी ने’ म्हणाले तर नेईन, असं स्वतःला सांगते. ते मागणार नाहीत, हे मला माहीत आहे.